न आठवणारा डाव

गौरीने चपलेची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली आणि वासंती दुसऱ्यांदाही हसली. हसून झाल्यावर मात्र तिच्या हातातलं लाटणं थांबलं. गोष्ट तशी मजेची होती. विज्ञानाच्या सरांच्या चपलेचा अंगठा ऐन तासात तुटला, सरांनी चप्पल उचलून हातात घेतली, आणि बोलण्याच्या नादात खडूऐवजी तिची टाचच फळ्याला टेकवून हृदयाची आकृती काढायला गेले. तेरा वर्षांच्या मुलीला यापेक्षा मोठा विनोद काय हवा? पहिल्यांदा तिने ती दाराला टेकून बूट काढताना सांगितली होती. आता ओट्यावर बसून, पाय हलवत, 'आई, तुला एक गंमत सांगायची राहिलीच,' अशी सुरुवात करून, हात हवेत तसाच फिरवून, त्याच जागी तसंच खिदळून सांगितली. मध्ये फार तर दहा मिनिटं गेली असतील. फिरकी घेत असेल म्हणून वासंतीने वाट पाहिली. पोरगी बापाच्या वळणावर गेलेली, चेहरा सरळ ठेवून टोपी घालण्यात दोघंही पटाईत. पण गौरीच्या चेहऱ्यावर फिरकी नव्हती. ताजी बातमी देऊन मोकळं झाल्यासारखी ती बरणीतले शेंगदाणे खात होती. तव्यावरची पोळी करपली तेव्हा तीच म्हणाली की वास येतोय.

माणसं गोष्टी दोनदा सांगतात. वासंतीची निपाणीची आत्या तर एकाच लग्नाची हकिगत तीस वर्षं सांगत आली आहे आणि दर वेळी त्यात एक पंगत वाढते. पोरगी दमली असेल, चाचणी परीक्षा तोंडावर आली आहे, रविवारी शहराबाहेर देवनहळ्ळीला राज्याच्या चौदा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघाची निवड आहे, डोक्यात शंभर गोष्टी असतील. वासंतीने स्वतःला अशी तीन-चार कारणं दिली आणि एकही पटलं नाही, कारण खरं कारण तिला ठाऊक होतं आणि त्याच्याकडे बघायचं तिने दोन दिवस टाळलं होतं. मंगळवारी लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मैदानावर महादेवपुऱ्याच्या मुलींशी सामना होता. वासंती अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली होती. गौरी गोलरक्षक. दुसऱ्या अर्ध्यात कोपऱ्यातून चेंडू उंच आला, गौरी झेपावली, आणि चेंडूबरोबर तिच्याच संघातल्या एका मुलीचा गुडघा आला तो थेट तिच्या कानशिलावर. गौरी पालथी पडली, एक हात चेंडूवर तसाच. किती वेळ पडून होती? दोन सेकंद की दहा? हे आता वासंतीला काही केल्या सांगता येईना. स्वतःचा आवाज तेवढा लख्ख आठवत होता. रेषेच्या बाहेरून ती ओरडली होती, 'गौरी, ऊठ, काही नाही झालं!' गौरी उठली, डोकं झटकलं, लांबून 'ओके?' म्हणणाऱ्या प्रशिक्षक मंजुनाथ सरांना तिने अंगठा दाखवला, आणि रेषेवरच्या सगळ्या आईबापांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त वासंतीने. पुढे गौरीने दोन गोल अडवले. मध्ये एकदा चेंडू लाथाडायला उभी राहिली ती तोंड आपल्याच जाळ्याकडे करून, मग वळली, आणि त्यावर सगळे हसले होते. वासंतीही हसली होती.

वासंती एका सरकारी कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासते. अठरा वर्षं झाली. तपासणीच्या कागदावरची ओळ न् ओळ वाचल्याशिवाय तिची सही उमटत नाही. मॅडम बसचं तिकीटसुद्धा मागून-पुढून वाचतात अशी तिथे तिची ख्याती आहे. आणि जूनमध्ये फुटबॉल अकादमीचा पालकांसाठीचा कागद तिने स्कूटरच्या सीटवर ठेवून, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतोय म्हणून, खाली कुठे सही करायची एवढंच बघून सही करून दिला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कागदाचा फोटो फोनमध्ये होता. गॅस बंद करून तिने तो उभ्या उभ्या वाचला. डोक्याला मार बसल्यावर शुद्ध जायलाच हवी असं नाही, त्यात लिहिलं होतं. डोकेदुखी, चक्कर, उजेड किंवा आवाज नकोसा होणं, चिडचिड, झोप वाढणं किंवा उडणं, नीट न आठवणं, तेच ते विचारणं, तेच ते सांगणं. मूल आपण होऊन सांगेलच असं नाही. शंका आली तर खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. बुधवारी गौरी शाळेतून आली ती सात वाजेपर्यंत झोपली होती. ट्यूब लावू नका, तिचा आवाज येतो म्हणाली होती, आणि बाबा गुणगुणले म्हणून त्यांच्यावर एवढी तडकली की तो बिचारा गाणं तोंडात धरून गॅलरीत गेला. दोघांनी तेव्हा एकमेकांकडे बघून 'वय' असं म्हटलं होतं. फार सोयीचा शब्द आहे हा. तेरा वर्षांच्या मुलीचं काहीही त्यात बसतं.

तातडीने इस्पितळात न्या, अशा खुणांची यादी त्याच कागदावर तळाशी होती. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, जीभ जड होणं, बाहुल्या लहानमोठ्या. वासंतीने एकेक ओळ मनात तपासली. यातलं काही नव्हतं. तरी डोळ्यात केस गेलाय असं सांगून तिने गौरीला दिव्याखाली घेतलं आणि दोन्ही बाहुल्या न्याहाळल्या. सारख्या होत्या. ते डोळे तिने तेरा वर्षांत हजारदा पाहिले असतील, काजळ घालताना, ताप बघताना, खोटं पकडताना, आणि आता एवढ्या जवळून बघताना तिला इतकं भरून आलं की तिने उगाचच पदराने नसलेला केस काढला. डोकं दुखतंय का, असं विचारायला तिने तोंड उघडलं तर गौरीचं 'नाही' प्रश्न संपायच्या आधीच आलं. ताकास तूर लागू द्यायची नाही, हे पोरीने ठरवलेलं दिसत होतं.

नवऱ्याला, मकरंदला, तिने जेवणानंतर कागद दाखवला. मकरंद पुण्याचा, महादेवपुऱ्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत. घरी पुण्याचं मराठी, कामावर हिंदी, आणि बारा वर्षांत कन्नडमध्ये 'सरी' म्हणजे ठीक आणि 'स्वल्प' म्हणजे थोडं, या दोन शब्दांवर त्याने संसार केला आहे. पहाटे साडेपाचला गौरीला सरावाला नेणारा तो. तिचे गोलरक्षकाचे ग्लोव्ह्ज दर रविवारी स्वतःच्या शांपूने धुऊन, बोटं एकेक ओढून सरळ करून, गॅलरीत सावलीत वाळत घालणाराही तोच. त्याने कागद वाचला आणि फोन तिच्याकडे परत दिला. मग म्हणाला की औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी वाचली तर माणूस क्रोसिनसुद्धा घेणार नाही, हे सगळं कायद्यापुरतं असतं. शिवाय पोरीने आत्ता चार पोळ्या खाल्ल्या. डोक्याला लागलेलं माणूस चार पोळ्या खातं का? वासंतीने चपलेची गोष्ट सांगितली. त्यावर तो हसला नाही. 'रविवार होऊ दे,' तो म्हणाला. 'सोमवारी सकाळी पहिलं काम डॉक्टर.' वासंतीने नको म्हटलं नाही. खरं सांगायचं तर रविवार तिलाही हवा होता. देवनहळ्ळीच्या त्या नव्या मैदानावर, शेतं मोडून आखलेल्या प्लॉटांच्या मधोमध, पोरगी राज्याचा शर्ट मिळवेल आणि आपण रेषेवर उभे असू, हे चित्र तिने सहा महिने जिवापाड जपलं होतं. ते एका चपलेच्या गोष्टीपायी मोडायचं म्हणजे काय?

शुक्रवारी सकाळी गौरी शाळेत गेली, वासंती कामावर. टेबलावर बेअरिंगांचा ट्रे होता, एकेक कागदात गुंडाळलेलं. तिच्या विभागात एक नियम आहे. हातातून बेअरिंग खाली पडलं तर ते विमानात जात नाही. ओरखडा नसला तरी, मोजमाप बरोबर आलं तरी, त्याला लाल चिठ्ठी बांधून बाजूला ठेवायचं. पडलेल्या वस्तूला आत काय झालं ते वरून दिसत नाही, एवढाच त्यामागचा विचार. आणि नियमाचा दुसरा भाग असा की पडलं हे पाडणाऱ्याने सांगायचं असतं. कुणी पाहिलेलं नसलं तर तो एकटाच ते सांगू शकतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी वासंतीच्या हातून एक पडलं होतं. उचलून, पुसून, तिने ते ट्रेमध्ये परत ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मूग गिळून बसली. डबा उघडला, तसाच पुन्हा झाकला. शेवटी तिचे तेव्हाचे साहेब शरच्चंद्र यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. ते रागावले नाहीत, शाबासकीही दिली नाही. ट्रे मागवला, तिला चहा मागवला, आणि ती चहा पिते आहे तोवर स्वतःच्या हातून पडलेल्या तीन बेअरिंगांच्या हकिगती सांगितल्या. तेव्हा ती मनात म्हणाली होती, हा माणूस किती बोलतो! आज ट्रेपुढे बसल्यावर तिला कळलं की ते उगाच बोलत नव्हते.

आणि मग, का कोण जाणे, तिला खांब आठवला. खांबाची गोष्ट त्यांच्या घरात प्रसिद्ध आहे. वासंती चौदा वर्षांची, निपाणीच्या शाळेकडून खो-खो खेळणारी, चिकोडीला अंतिम सामना. पहिल्या डावात खांबावर झेप घेताना तिचं कपाळ खांबावर आपटलं. तिचे वडील बसवंत, म्हणजे आप्पा, शाळेत खेळाचे मास्तर, त्यांनी जखमेवर हळद दाबली, पाठीवर थाप मारली, आणि दुसऱ्या डावात पोरीने सहा गडी बाद केले. कप अजून निपाणीच्या कपाटात आहे. ही गोष्ट आप्पा दर दिवाळीला सांगत, आप्पांनंतर वासंती सांगू लागली, आणि गौरी चार वर्षांची असल्यापासून ती ऐकत आली आहे. कपाळावरच्या खुणेवर बोट ठेवून, 'मग हळद दाबली?' असं विचारत. वासंतीने आज ती गोष्ट मनातल्या मनात सुरुवातीपासून सांगून पाहिली. मैदानावरचा फुफाटा आठवला. खांबाचं ओलं तेल आठवलं, कपाळाला लागताना आलेला लाकडाचा वास आठवला. आणि त्यापुढे एसटीची खिडकी, आप्पांच्या मांडीवर डोकं, पोटात ढवळत होतं ते. मधला दुसरा डाव तिने शोधला. सहा गडी शोधले. एकाचा तरी चेहरा, एकीची तरी वेणी, पायाखालची माती. काहीच नव्हतं. ते सहा गडी आप्पांच्या शब्दांत होते, शाळेतल्या बाईंच्या शब्दांत होते, तिच्या स्वतःच्या शब्दांत तर किती वेळा. पण तिच्या डोळ्यांत एकदाही नव्हते. सत्तावीस वर्षं ती जे अभिमानाने सांगत आली ते दुसऱ्यांनी पाहिलेलं होतं. तिने ट्रे झाकला, अर्ध्या दिवसाची रजा लिहिली आणि शाळेत फोन केला.

शाळेच्या फाटकात गौरी आली ती डोळ्यांवर हात धरूनच. काय झालं, कोण वारलं, असं तिने विचारलं, आणि कुणी नाही म्हटल्यावर रजा मिळाल्याच्या आनंदात स्कूटरवर बसली. वासंती तिला शहरातल्याच आगरा तळ्यावर घेऊन गेली. दुपारची वेळ, चालायला येणारी माणसं नव्हती, होंग्याच्या, म्हणजे करंजाच्या, दाट सावलीत एक बाक रिकामा होता. फाटकावरच्या शहाळीवाल्या अक्काकडून दोन एळनीर घेतले होते. गौरी शहाळ्यातली नळी चावत पाण्यावरचे पक्षी बघत होती. कारखान्यातून निघताना वासंतीने बरेच प्रश्न ठरवले होते, तपासणीच्या कागदासारखे क्रमाने. त्यातला एकही तिने विचारला नाही.

'गौरी, माझी खांबाची गोष्ट आहे ना, त्यातला दुसरा डाव मला आठवत नाही.'

'म्हणजे? सहा गडी?'

'एकही नाही. खांब आठवतो, आणि मग एसटी. मधलं सगळं आप्पांनी सांगितलेलं. मला वाटत राहिलं की मला आठवतंय.'

गौरीने नळी तोंडातून काढली. कधी कळलं, असं तिने विचारलं, आणि आज सकाळी, असं वासंतीने सांगितलं. मग मंगळवारी आपण टाळ्या वाजवल्या तेही सांगितलं. तू पडली होतीस तेव्हा मला आत यायचं होतं, पण बाकीच्या आया बघत होत्या म्हणून मी ऊठ ऊठ करून ओरडले, हेही. आपल्याच मुलीपुढे एवढं कबूल करताना तिचा आवाज चिरकला आणि तिने तो चिरकू दिला. गौरी शहाळं मांडीवर फिरवत राहिली. बोलली तेव्हा आईकडे न बघता बोलली.

'मी ते दोन गोल अडवले ना मंगळवारी, ते मला आठवत नाहीत. सगळे म्हणतात मी अडवले.'

त्यानंतर सगळं आलं, अडवून ठेवलेलं पाणी सुटावं तसं. डोकं मंगळवारपासून दुखतंय, मधल्या सुट्टीत जास्त. फळ्यावरची अक्षरं हलतात. काल दोनदा वाटलं की हे आपण सांगितलंय की नाही ते कळत नाहीये, म्हणून सांगून टाकलं. आणि हे पहिल्यांदा नाही. तीन आठवड्यांपूर्वी सरावात एका मुलीच्या डोक्यावर डोकं आपटलं होतं, तेव्हाही दोन दिवस असंच होत होतं, मग थांबलं. सांगितलं का नाहीस, हा प्रश्न वासंतीच्या ओठांवर आला होता, तो तिने गिळला. पण गौरीला तो ऐकू आला असावा. 'बाबा ग्लोव्ह्ज किती छान धुतात,' ती म्हणाली, आणि तिला याहून जास्त सांगता येईना. वासंतीने तिला जवळ घेतलं. एरवी बाहेर असं काही केलेलं पोरीला खपत नाही. आज तिने डोकं अगदी सांभाळून, काच ठेवावी तसं, आईच्या खांद्यावर ठेवलं.

त्याच दुपारी डॉक्टर धनलक्ष्मींची वेळ मिळाली. मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, केसात अबोलीचा लहानसा गजरा. त्या आईशी बोलल्याच नाहीत. आधी गौरीशी बोलल्या, कन्नडमधून, चेंडू कसा पकडतेस इथपासून. जमिनीवरच्या फरशीच्या रेषेवरून पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं. गौरी मैदानावर दोन पावलांत गोल झाकते. इथे सहाव्या पावलाला तिचा तोल गेला. मग महिने उलटे म्हणायला सांगितले. डिसेंबरपासून ऑगस्टपर्यंत ती बरोबर आली आणि तिथून पुन्हा सप्टेंबरला गेली. एव्हाना मकरंद महादेवपुऱ्याहून पोचला होता आणि दारात उभा होता. वासंतीने पाहिलं, त्याचे ओठ हलत होते. आवाज न करता तो लेकीला सांगत होता, जुलै, जून, मे. लहानपणी तिच्या स्नेहसंमेलनात खाली बसून संवाद पुरवायचा तसा. गौरी मात्र फरशीकडे बघत होती आणि ऑगस्टच्या आसपास शोधत होती. त्या क्षणी वासंतीला आपल्या नवऱ्याबद्दल जे वाटलं ते लग्नाच्या सोळा वर्षांत फार वेळा वाटलं नव्हतं.

मेंदू भरून येतो, असं डॉक्टरांनी शेवटी आईबापांना सांगितलं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. स्कॅनमध्ये हे बहुधा दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाही असं समजू नका. आधीचा मार भरायच्या आत पुढचा बसला तर काय होऊ शकतं ते सांगताना त्यांनी गौरीला बाहेर मत्स्यपेटीतले मासे बघायला पाठवलं. वासंतीने ते ऐकलं आणि मकरंदने वासंतीचा हात धरला. दोन दिवस घरी आराम, पडद्यावर कमीत कमी, मग शाळा थोडी थोडी, मग चालणं, मग पळणं, आणि चेंडू सगळ्यात शेवटी, तोही इथे दाखवून गेल्यावरच. काही आठवडे जातील. रविवारचं नावसुद्धा काढू नका. स्कूटर दवाखान्यापाशीच ठेवून गाडीत बसल्यावर मकरंदने किल्ली लावली पण फिरवली नाही. 'मी म्हणालो होतो सोमवारी दाखवू,' तो म्हणाला. वासंती म्हणाली की नको असं मीही म्हणाले नव्हते. मागच्या सीटवर गौरी डोळे मिटून होती, झोपलेली की ऐकणारी कळत नव्हतं. मकरंदने किल्ली फिरवली.

मंजुनाथ सरांना वासंतीने घरी येऊन फोन केला, कन्नडमधून. सर गळ घालतील, एक सामना खेळू दे म्हणतील, आणि आपण विरघळू, या भीतीने तिने आधीच चार वाक्यं पाठ केली होती. ती लागलीच नाहीत. सर म्हणाले, 'मेडम, मी रेषेवरून विचारलं. जवळ जायला हवं होतं. अंगठा दाखवला की आपण सोडून देतो.' बदली गोलरक्षक त्यांनी लगेच ठरवली. बाकीच्यांना काय सांगायचं ते मात्र तुम्ही ठरवा, म्हणाले, कारण मुलीचं नाव आहे, लोक लक्षात ठेवतात. ते त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं होतं आणि ते खरंही होतं.

शनिवारी सकाळी गौरी बोलेना. पडदा ओढून, भिंतीकडे तोंड करून पडली होती. दूध पोहोचवायला गेलेल्या वासंतीला ती एवढंच म्हणाली, 'तू तुझं सांगितलंस म्हणून मी सांगितलं. तू मला फसवलंस.' वासंतीने हो म्हटलं. दूध ठेवलं, पलंगाच्या पायाशी बसली आणि पांघरुणावरून मुलीच्या पोटऱ्या दाबत राहिली. पाय झटकला गेला नाही, एवढंच तिच्या पदरात पडलं. मकरंद दारातल्या खुर्चीवर फोन घेऊन बसला होता. अकादमीच्या ग्रुपवर चाळीसेक आईबाप आहेत, उद्याच्या गाड्यांची जुळवाजुळव तिथे चालली होती, आणि गौरीच्या आईबाबांकडे दोन जागा आहेत का, असं कुणीतरी दोनदा विचारून झालं होतं. मकरंदने उत्तर लिहून वासंतीपुढे धरलं. गौरीला ताप आहे, उद्या येत नाही. ताप काय, कुणालाही येतो, तो हलक्या आवाजात म्हणाला. ताप उतरला की विषय संपला, पुढच्या वर्षी निवडीला कुणी तिच्या डोक्याकडे बोट दाखवणार नाही. तो आपल्या मुलीचं पुढचं वर्ष राखत होता. वासंतीने मान हलवली. तिचीही तीच इच्छा होती, आणि एवढ्या सगळ्यानंतरही ती इच्छा जागच्या जागी आहे याची तिला लाज वाटली.

'ताप लिहू नका,' भिंतीकडून आवाज आला.

मग काय लिहू, असं मकरंदने विचारलं. गौरी उताणी झाली. डोळ्यांवर उशीचा कोपरा ओढून, मध्ये मध्ये थांबत, ती मराठीत सांगत गेली आणि तिचा बाप ते इंग्रजीत उतरवत गेला. गौरीच्या डोक्याला मंगळवारी मार लागला. त्याआधीही एकदा लागला होता. तिने घरी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी खेळायचं नाही म्हणून सांगितलंय. एवढं झाल्यावर ती थांबली, आणि संपलं असं वाटून मकरंद पाठवणार तोच म्हणाली, 'आणि लिहा, की ते दोन गोल मला आठवत नाहीत. सगळे त्याचंच बोलतात म्हणून.' मकरंदचा अंगठा काचेवर नुसता धरलेला राहिला. त्याने वासंतीकडे पाहिलं, मग लिहिलं, मग पाठवलं.

पहिल्यांदा निरोप आले ते नेहमीचेच, फुलांचे गुच्छ, जोडलेले हात, लवकर बरी हो. एका बापाने काळजीने लिहिलं की खेळात हे चालायचंच. मग ग्रुप शांत झाला. गाड्यांची जुळवाजुळवही थांबली. पाच-सात मिनिटांनी वासंतीच्या स्वतःच्या फोनवर, ग्रुपवर नव्हे, एक निरोप आला. प्रेमाचा, तिचा मुलगा अभिराज मुलांच्या संघात मधल्या फळीत खेळतो. निरोपात नमस्कार नव्हता, चौकशी नव्हती. डॉक्टरांचा नंबर देता का? अभिराज गेल्या शनिवारपासून खोलीत दिवा लावू देत नाही. वासंतीने तो दोनदा वाचला.

'गौरी, अभिराजला काही लागलं होतं का गं?'

'हो. गोलच्या खांबावर आपटला. गेल्या शनिवारी.'

'तुला माहीत होतं?'

'आम्हाला सगळ्यांचं माहीत असतं, आई,' ती म्हणाली. 'कुणाचं दुखतंय ते. आम्ही एकमेकांना सांगतो.'

वासंतीने डॉक्टरांचा नंबर प्रेमाला पाठवला. मग फोन पालथा ठेवून ती पलंगावर लेकीच्या डोक्याशी सरकली, आणि शक्य तेवढ्या साध्या आवाजात तिने विचारलं, 'अजून कुणाकुणाचं दुखतंय?'

गौरीने डोळे मिटलेलेच ठेवले. पांघरुणातून एक हात बाहेर काढला आणि अंगठ्याने बोटं मोजायला लागली. तो हात संपला तेव्हा तिने दुसरा बाहेर काढला.